खिशातील चाकू

खिशातील चाकू म्हणजे ज्याचे पाते मुठीच्या खाचेत दुमडून ठेवता येते आणि जो बंद अवस्थेत खिशात, पिशवीत किंवा कमरेला सुरक्षितपणे बाळगता येतो असा लहान चाकू होय. मराठीत त्याला घडीचा चाकू किंवा दुमडता चाकू असेही म्हणतात. फळ चिरणे, सुतळी तोडणे, पोत्याची शिवण उसवणे, पेन्सिलीला टोक करणे, ठिबक सिंचनाची नळी कापणे अशा किरकोळ पण रोजच्या कामांसाठी तो वापरला जातो.

रोजच्या वापरासाठी चाकू निवडताना पात्याची लांबी किंवा पोलादाची किंमत यांपेक्षा तीन प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात : चाकू कोणत्या कामासाठी हवा आहे, त्याला धार कोण लावणार आहे आणि तो कोठे बाळगला जाणार आहे. भारतीय कायद्यातही अवजार आणि शस्त्र यांतील फरक मुख्यतः वस्तू कशासाठी घडवली आहे यावर आणि तिच्या मापावर ठरतो. प्रस्तुत लेखात खिशातील चाकूची रचना, निवडीचे निकष, निगा आणि कायदेशीर बाजू यांची माहिती मुख्यत्वे कोल्हापूर जिल्ह्यातील हवामान, शेती आणि व्यवसाय यांच्या संदर्भात दिली आहे.

## नाव

‘चाकू’ हा शब्द तुर्की-फारसी वळणाचा असून मराठीप्रमाणेच हिंदी व उर्दू भाषांतही रूढ आहे. ‘सुरी’ हा शब्द संस्कृत ‘क्षुरिका’ या शब्दापासून आला आहे. बोलीत हे दोन्ही शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात. तरी न दुमडणाऱ्या, स्वयंपाकघरातील पात्याला सुरी आणि दुमडणाऱ्या पात्याला चाकू म्हणण्याकडे कल दिसतो. बटण दाबताच कमानीच्या जोराने उघडणाऱ्या चाकूस ‘बटणाचा चाकू’ किंवा ‘खटक्याचा चाकू’ म्हणतात. रोजच्या वापराच्या चाकूपेक्षा हा प्रकार वेगळा असून कायद्याच्या दृष्टीनेही त्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

## इतिहास

दुमडणाऱ्या पात्याची कल्पना पुरातन आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सापडलेला, हाडाची मूठ असलेला घडीचा चाकू इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. रोमन काळातील घडीचे चाकूही युरोपात अनेक ठिकाणी मिळाले आहेत. या जुन्या चाकूंत पाते उघडे राहण्यासाठी कमान नसे. खिळीचे घर्षण किंवा वापरणाऱ्याच्या हाताची पकड यांवरच ते स्थिर राही.

सतराव्या शतकात इंग्लंडमधील शेफिल्ड येथे मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसवलेले चाकू तयार होऊ लागले. कमानीच्या दाबामुळे पाते उघडे वा बंद अशा दोन्ही स्थितींत टिकून राहते. आजही साध्या चाकूंत हीच रचना आढळते. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली लाकडी मुठीचा, एकाच पात्याचा स्वस्त चाकू बनवला. शेतकरी आणि कामगार हे त्याचे मुख्य ग्राहक होते. १९५५ मध्ये त्याच्या मुठीला फिरते कडे जोडण्यात आले, त्यामुळे उघडलेले पाते अडकवून ठेवता येऊ लागले. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना सुरू केला, १८९१ पासून त्या देशाच्या सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अनेक अवजारे असलेल्या अधिकारी-चाकूची नोंदणी केली. पुढे ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणून जगभर ओळखला गेलेला चाकू तो हाच. १९१३ मध्ये शेफिल्ड येथील हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमयुक्त, न गंजणारे पोलाद तयार केले. त्यानंतर सुरी-चाकूंच्या उत्पादनाचे स्वरूप पालटले.

भारतात घडीच्या चाकूसाठी सर्वाधिक प्रसिद्ध झालेले गाव म्हणजे उत्तर प्रदेशातील रामपूर. रामपूर संस्थानातील कारागिरांनी घडवलेला, नऊ ते बारा इंच लांब पात्याचा ‘रामपुरी’ हिंदी चित्रपटांमुळे घरोघरी माहीत झाला, मात्र तो गुंडाच्या हातातील हत्यार म्हणून. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांपेक्षा (सुमारे ११.४ सेंटिमीटर) लांब पात्याच्या चाकूंवर निर्बंध आणल्यावर हा व्यवसाय ओसरला. चाकू खिशात बाळगणारा माणूस संशयास्पद, असा जो समज भारतात आढळतो, त्यामागे या प्रतिमेचा मोठा वाटा आहे.

## कोल्हापूर परिसरातील पाती

कोल्हापूर जिल्ह्यात प्रत्येक व्यवसायाचे आपले स्वतंत्र पाते आहे. ऊस तोडण्यासाठी कोयता, गवत व वैरण कापण्यासाठी विळा, भांगलणीसाठी खुरपे, भाजी चिरण्यासाठी विळी आणि सुपारी कातरण्यासाठी अडकित्ता ही अवजारे घराघरांत असतात. कोल्हापुरी चप्पल बनवणारे कारागीर कातडे कापण्यासाठी रुंद पात्याची रापी वापरतात. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोयते, विळे व खुरपी गावोगावचे लोहार आणि घिसाडी घडवतात. त्यासाठी मोटारींच्या जुन्या कमानपाट्यांचे पोलाद अनेकदा वापरले जाते, कारण त्यात पाणी धरण्याइतका, म्हणजे तापवून थंड केल्यावर कठीण होण्याइतका कार्बन असतो.

खिशातील चाकू यांपैकी कोणत्याही अवजाराची जागा घेऊ शकत नाही. त्याने उसाच्या कांड्याची साल सोलता येते. उभा ऊस तोडता येत नाही. त्याने नारळाची शेंडी कापता येते, पण नारळ फोडता येत नाही. जेथे नेमके अवजार जवळ नसते आणि काम लहान असते, तेथे त्याचा उपयोग होतो. बांधावर जेवायला बसलेला शेतकरी कांदा किंवा काकडी चिरण्यासाठी, गुळाच्या बाजारातील हमाल पोत्याची सुतळी तोडण्यासाठी, शिवाजी उद्यमनगरातील जोडारी खोक्याच्या पट्ट्या कापण्यासाठी चाकू वापरतो. दरवर्षी जुलै महिन्यात पन्हाळा ते पावनखिंड या मार्गावर पदभ्रमण करणारे तरुण दोरी, फळे व प्रथमोपचाराची पट्टी कापण्यासाठी चाकू जवळ ठेवतात. सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज १६६० च्या जुलैमध्ये ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, तिच्या स्मरणार्थ ही मोहीम होते आणि ती बहुधा भर पावसात पार पडते. आजरा, चंदगड आणि भुदरगड या तालुक्यांत काजू व आंब्याची कलमे बांधणारे बागायतदार मात्र सर्वसाधारण चाकू न वापरता खास कलमाचा चाकू वापरतात. त्याचे पाते सरळ असते आणि अनेकदा एकाच बाजूने घासलेले असते, जेणेकरून डोळकाडीवरील काप सपाट येतो व दोन्ही भाग नीट जुळतात.

## रचना

खिशातील चाकूचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत.

पाते : कापणारा पोलादी भाग. त्याच्या धारेविरुद्धच्या जाड बाजूस पाठ म्हणतात. पाठीलगत पाते उघडण्यासाठी नख अडकवण्याची खाच किंवा अंगठ्याने ढकलण्यासाठी छिद्र अथवा गुंडी असते.

खीळ : पाते ज्याभोवती फिरते तो आस. काही चाकूंत ती ठोकून बसवलेली, तर काहींत पेचाची असते. पेचाची खीळ वापरणाऱ्याला स्वतः घट्ट किंवा सैल करता येते.

कमान किंवा अडकण : पाते उघडे ठेवणारी यंत्रणा. साध्या कमानीच्या चाकूत पाठीवर पुरेसा दाब पडला की पाते मिटते. अडकणीच्या चाकूत कडे, मुठीच्या आतील पोलादी पट्टी किंवा पाठीवरील खटका पात्याला रोखून धरतो आणि तो सोडल्याशिवाय पाते मिटत नाही.

मूठ : लाकूड, शिंग, हाड, धातू किंवा प्लास्टिक यांची केलेली असते. आतील बाजूस बहुधा पितळी किंवा पोलादी अस्तर असते.

## निवडीचे निकष

### काम

चाकू घेण्यापूर्वी त्याने आठवडाभरात प्रत्यक्ष कोणती कामे होणार आहेत याची यादी केल्यास बहुतेक निर्णय आपोआप होतात. मुख्यतः फळे व खाद्यपदार्थ कापायचे असल्यास पातळ, न गंजणारे आणि धुण्यास सोपे पाते योग्य ठरते. पोती, दोर, नळी, खोकी अशी कामे अधिक असल्यास थोडे जाड पाते आणि हाताला भरणारी मूठ हवी. कार्यालयात किंवा प्रवासात कधीतरीच गरज पडत असल्यास कात्री, पेचकस आणि लहान पाते एकत्र असलेला बहुउपयोगी चाकू सोयीचा असतो. मात्र अवजारांची संख्या वाढते तसा चाकू जाड व जड होतो आणि तो खिशात न राहता घरीच राहतो.

### पात्याची लांबी

रोजच्या कामांना सहा ते आठ सेंटिमीटर लांबीचे पाते पुरते. मध्यम आकाराचे सफरचंद किंवा पेरू एवढ्या पात्याने सहज चिरता येतो. पाते लांब असल्यास मूठही तेवढीच लांब करावी लागते, कारण बंद पाते मुठीतच मावले पाहिजे. त्यामुळे दहा सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचा चाकू खिशात अडचणीचा ठरतो, लोकांच्या नजरेत येतो आणि रोजच्या कामांत त्याचा वेगळा लाभ होत नाही.

### पात्याचा आकार

पाठ सरळ आणि धार टोकाकडे हळूहळू वर वळणारी असा आकार सर्वांत उपयोगी मानला जातो. धार सरळ आणि पाठ खाली उतरून टोक बोथट झालेले पाते सुतळी व पट्ट्या कापण्यास आणि मुले आसपास असताना वापरण्यास अधिक सुरक्षित असते. अतिशय निमुळते, दोन्ही बाजूंनी धार असलेले पाते हे खंजिराचे रूप आहे; घरगुती कामाला त्याची आवश्यकता नसते. दातेरी पाते ओला दोर चांगला कापते, परंतु घरच्या सपाट दगडावर त्याला धार लावता येत नाही.

पात्याच्या जाडीकडे अनेकदा दुर्लक्ष होते. दीड ते दोन मिलीमीटर जाडीची पाठ फळांसाठी उत्तम असते. तीन मिलीमीटरपेक्षा जाड पाते मजबूत वाटते, पण पेरू चिरताना ते कापण्याऐवजी फळ फाडत जाते.

### पोलाद

चाकूच्या पोलादाचे दोन ढोबळ वर्ग पडतात. साध्या कार्बन पोलादाला लवकर व बारीक धार येते, ते साध्या दगडावर घासता येते आणि तुलनेने स्वस्त असते; परंतु ते गंजते आणि लिंबू, चिंच, कैरी यांच्या आंबटपणाने काळे पडते. न गंजणाऱ्या पोलादात साधारणतः साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यावर अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो, म्हणून ते टिकते. तरीही ‘न गंजणारे’ याचा अर्थ ‘कधीच न गंजणारे’ असा नाही. ओले पाते अनेक दिवस बंद ठेवल्यास खिळीपाशी त्यालाही गंज धरतो.

कोल्हापूर जिल्ह्यात हा फरक तालुक्यागणिक जाणवतो. पश्चिमेकडील गगनबावडा येथे वर्षाला सुमारे पाच हजार मिलीमीटर पाऊस पडतो, तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात तो पाचशे मिलीमीटरच्या आसपास असतो. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर या काळात खिशातील कपडाच दमट असतो. तेथे कार्बन पोलादाचे पाते रोज पुसून तेल लावल्याविना टिकत नाही. शिरोळ किंवा हातकणंगले भागातील शेतकऱ्याला मात्र तेच पाते वर्षभर फारशा त्रासाविना वापरता येते.

पोलादाचे काठिण्य रॉकवेल सी या मापाने सांगतात. ५४ ते ५८ या दरम्यानचे पाते मध्यम कठीण असते. त्याची धार लवकर जाते, पण साध्या दगडावर काही मिनिटांत परत येते. ६० च्या पुढील पाते धार अधिक काळ धरते, मात्र ते घासण्यास हिऱ्याच्या कणांचा दगड लागतो आणि हाडावर किंवा तारेवर आपटल्यास धारेचे कपचे उडतात. गावातील धारवाला किंवा घरातील दगड यांवरच विसंबायचे असल्यास मध्यम काठिण्याचे पाते अधिक व्यवहार्य ठरते. ज्याला धार लावता येत नाही असा महागडा चाकू वर्षभरानंतर स्वस्त चाकूपेक्षाही वाईट कापतो.

### अडकण

साधा कमानीचा चाकू फळे आणि सुतळी यांसाठी पुरेसा आहे. मात्र ज्या कामात टोक खुपसावे लागते किंवा जोर लावावा लागतो, तेथे पाते अचानक मिटून बोटांवर येण्याचा धोका असतो. अशा कामांसाठी अडकण असलेला चाकू सुरक्षित होय. अडकण एका हाताने सोडता येते का, सोडताना बोट पात्याच्या वाटेत येते का, हे विकत घेण्यापूर्वी पाहिले जाते. डावखुऱ्या व्यक्तींसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण मुठीच्या आतील पट्टीची अडकण बहुधा उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी बसवलेली असते. कडे फिरवण्याची किंवा पाठीवरील खटक्याची रचना दोन्ही हातांना सारखीच सोयीची असते.

### मूठ आणि वजन

ओल्या किंवा तेलकट हातातून न निसटणारी, टोकदार कडा नसलेली आणि चार बोटे पूर्ण बसतील एवढी मूठ चांगली. गुळगुळीत धातूची मूठ दिसायला सुबक असली तरी पावसात निसटते. लाकडी मूठ पाण्याने फुगते आणि त्यामुळे पाते घट्ट बसून उघडत नाही. ती वाळली की पुन्हा मोकळी होते. शंभर ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा चाकू सदऱ्याच्या किंवा विजारीच्या खिशात जाणवत नाही.

### खरेदी करताना

दुकानात चाकू पाहताना पुढील गोष्टी तपासल्या जातात.

* बंद केल्यावर पाते मुठीच्या मधोमध बसते आणि धार किंवा टोक बाहेर राहत नाही.
* उघडलेले पाते आजूबाजूला किंवा वरखाली हलत नाही.
* कमान इतकी ढिली नाही की झटक्याने पाते उघडेल आणि इतकी ताठ नाही की नख मोडेल.
* संपूर्ण धार एकसारखी आहे. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापल्यास कोठेही अडकत किंवा फाटत नाही. धार अंगठ्यावर ओढून पाहणे धोक्याचे आहे.
* मुठीच्या फटीत साचलेला मळ पाण्याने आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढता येईल एवढी जागा आहे.

## धार आणि निगा

बोथट चाकूला अधिक जोर द्यावा लागतो आणि जोरातला चाकू निसटला की जखम खोल होते. म्हणून धारदार चाकू हाच अधिक सुरक्षित मानला जातो. घरी धार लावण्यासाठी दोन पोतांचा कुरुंदाचा दगड पुरतो. दगड ओला करून पाते त्यावर सुमारे वीस अंशांच्या कोनात धरतात. पाते दोन सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे सात मिलीमीटर उंच राहिली की हा कोन साधतो. एका बाजूने घासत गेल्यावर धारेच्या दुसऱ्या बाजूस धातूची अतिशय बारीक किनार उभी राहते व ती नखाला जाणवते. मग दुसरी बाजू तितकीच घासून ती किनार काढतात आणि शेवटी वस्तऱ्याप्रमाणे पाते चामड्याच्या तुकड्यावर पाठीच्या दिशेने ओढतात.

धार लावण्याचा व्यवसाय परंपरेने शिकलगारांचा आहे. शस्त्र घासून झिलई देणे या अर्थाच्या अरबी ‘सैकल’ या शब्दावरून हे नाव आले असून पश्चिम महाराष्ट्रात ते आडनाव म्हणूनही रूढ आहे. तलवारी आणि भाले वापरातून गेल्यावर या कारागिरांकडे कात्र्या, विळ्या, सुऱ्या व चाकू येऊ लागले. पायाने चाक फिरवून, सायकलवर बसवलेल्या दगडावर गल्लोगल्ली धार लावणारे फिरते कारागीर याच परंपरेचे पुढचे रूप आहे. पाते बोथट झाले की मोडून फेकायचे असे स्वस्त कागदकापे सर्वत्र मिळू लागल्यापासून त्यांच्या कामाची गरज घटली. धार लावून वर्षानुवर्षे वापरता येणारा चाकू घेणे म्हणजे या कौशल्याला काम मिळणे, असा त्याचा दुसरा अर्थ आहे.

वेगाने फिरणाऱ्या दगडावर धार लावताना पाते तापते. पोलाद निळसर पडले तर तेथील तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले असे समजतात. त्या भागाचे पाणी उतरते आणि नंतर तेथे धार टिकत नाही. म्हणून अनुभवी कारागीर पाते थोडा वेळ घासून लगेच पाण्यात बुडवतो. घडीच्या चाकूचे पाते लहान व पातळ असल्याने ही काळजी अधिक घ्यावी लागते.

उसाचा रस, आंब्याचा चीक आणि गूळ यांमुळे खिळीचा सांधा चिकट होऊन पाते अडखळते. असा चाकू उघडून कोमट पाण्याने धुतात, पूर्ण वाळवतात आणि खिळीवर तेलाचा एक थेंब सोडतात. खोबरेल तेल खाद्यपदार्थांच्या दृष्टीने निर्धोक असले तरी सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली ते थिजते, त्यामुळे हिवाळ्यात सांधा ताठ होतो. शिलाई यंत्राचे तेल थिजत नाही. परंतु ते लावल्यास फळ कापण्यापूर्वी पाते धुऊन पुसावे लागते. चाकू पेचकस, पहार किंवा छिन्नी म्हणून वापरल्यास टोक मोडते आणि खीळ ढिली होते. चाकू मोडण्याचे हेच सर्वांत नेहमीचे कारण आहे.

## सुरक्षितता

कापताना पाते शरीरापासून दूर नेले जाते आणि वस्तू तळहातावर न ठेवता पाटीवर किंवा फळीवर ठेवली जाते. दुसऱ्याला चाकू देताना तो बंद करून किंवा मूठ पुढे करून दिला जातो. हातातून निसटलेला चाकू झेलण्याचा प्रयत्न केल्यास गंभीर दुखापत होते; तो खाली पडू देणे योग्य. घरात लहान मुले असल्यास चाकू बंद करून उंचावर ठेवतात. गंजलेल्या वा मातीने भरलेल्या पात्याने जखम झाल्यास ती स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन धनुर्वातप्रतिबंधक लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते.

## कायदेशीर बाजू

भारतात शस्त्रांविषयीचा मुख्य कायदा शस्त्र अधिनियम, १९५९ हा आहे. त्यातील व्याख्येनुसार हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेल्या अथवा तसे रूप दिलेल्या वस्तू शस्त्रे ठरतात. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. या कायद्याखालील नियमांत नऊ इंचांपेक्षा (२२.८६ सेंटिमीटर) लांब किंवा दोन इंचांपेक्षा (५.०८ सेंटिमीटर) रुंद पात्याचे चाकू, खंजीर, तलवारी आदींचा समावेश शस्त्रांच्या वर्गात केला असून घरगुती, शेतीविषयक, वैज्ञानिक व औद्योगिक कामांसाठी घडवलेली पाती त्यास अपवाद आहेत. यामुळेच उसाचा कोयता लांब असूनही अवजार मानला जातो.

अधिनियमाच्या कलम ४ नुसार एखाद्या भागापुरते अधिक कडक निर्बंध अधिसूचनेद्वारे लागू करता येतात. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंटिमीटर वा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर वा त्याहून रुंद पात्याच्या चाकूंवर असे निर्बंध घातले. त्यामुळे एका राज्यात निर्वेध असलेला चाकू दुसरीकडे अडचणीचा ठरू शकतो.

महाराष्ट्रात याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७ महत्त्वाचे आहे. त्यानुसार सार्वजनिक शांततेसाठी ठरावीक मुदतीत शस्त्रे, काठ्या आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडतील अशा वस्तू बाळगण्यास मनाई करता येते. या यादीत चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे. सण, निवडणुका, मोर्चे आणि आंदोलने यांच्या काळात कोल्हापूर जिल्ह्यातही असे मनाई आदेश निघतात. आदेश लागू असताना पाते किती लहान आहे हा बचाव पुरेसा ठरत नाही. त्यामुळे गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत किंवा सभेच्या गर्दीत चाकू खिशात न ठेवणेच योग्य असते.

विमानाच्या प्रवासी कक्षात चाकू नेण्यास मनाई आहे. उजळाईवाडी येथील कोल्हापूर विमानतळावरही सुरक्षा तपासणीत तो काढून घेतला जातो. नोंदवलेल्या सामानात तो ठेवता येतो. न्यायालये, परीक्षा केंद्रे व अनेक देवस्थाने यांच्या प्रवेशद्वारांवरही चाकू अडवला जातो. किल्ल्याच्या मुद्रेच्या, पत्त्याच्या आकाराच्या किंवा पेनात लपवलेल्या पात्यांबाबत संशय अधिक घेतला जातो, कारण वस्तू लपवण्यासाठी घडवली असेल तर ती कामासाठी घडवली आहे हे पटवणे कठीण जाते.

## लोकजीवनात

बाळाच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी होणाऱ्या पूजेत विळा किंवा चाकू मांडण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक घरांत आहे. बाळंतिणीच्या उशाशी लोखंडी पाते ठेवल्यास बाधा होत नाही, असा जुना लोकसमज आहे.

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, शस्त्रे व अवजारे यांची पूजा होते. कोल्हापुरात मर्दानी खेळांच्या तालमी आणि आखाडे या दिवशी दांडपट्टा, तलवार व भाले पुजतात, तर कारखान्यांत व शेतघरांत यंत्रे, कोयते, खुरपी आणि विळे पुजले जातात. दुसऱ्या दिवशी दसरा चौकात शाही दसऱ्याचा सोहळा होतो. शस्त्र आणि अवजार यांचा मान एकाच दिवशी होत असला तरी दोन्हींची मांडणी वेगळी असते; घरातल्या पाटावर विळी, अडकित्ता आणि सुरी यांच्या शेजारी खिशातला चाकूही अवजार म्हणूनच हळदकुंकू लावून घेतो.